दाराकडे पाठ

मानसतज्ज्ञ सुमेधाच्या टेबलावर बारा चित्रं होती, परदेशातून आलेली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली. माणसाला चित्र दाखवायचं, त्यावर गोष्ट सांगायला लावायची आणि सोबतच्या पुस्तकात बघून त्याचं मन ओळखायचं. पुस्तकाला सगळं ठाऊक होतं. परळची चाळ तेवढी ठाऊक नव्हती.

समोर गुणाजी बसला होता, कापडगिरणीत मागावर काम करणारा साचेवाला. सहा महिन्यांपूर्वी, संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात, त्याच्या खांद्यात गोळी घुसली होती. जखम भरली, पण अजून खट्ट झालं की तो दचके. सुमेधानं 'मन ठिकाणावर आहे' असा शेरा दिला तरच गिरणी त्याला परत साच्यावर घेणार होती.

तिनं पाचवं चित्र पुढे केलं. बंद दार आणि दाराकडे पाठ करून उभा असलेला माणूस.

"गोष्ट कसली, बाई? उभा हाय. घटकाभरानं दार उघडंल, मग आत जाईल."

"आत कोण आहे?"

गुणाजीनं मान खाली घातली. "ऱ्हाऊ द्या."

"भांडण झालंय का?"

"नाय वो!" त्याचा चेहरा लाल झाला.

पुस्तक म्हणत होतं, घराविषयी राग आणि तो लपवण्याची धडपड. दादरला चार खोल्यांत वाढलेल्या सुमेधानं तसं लिहिलंही. पण 'कामास अयोग्य' लिहायला तिचा हात धजेना. या मऊ माणसाशी तो राग काही केल्या जुळेना. शेवटी ती चित्र घेऊन बाहेर आली. बाकावर त्याची बायको रखमा तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

चित्र बघून रखमाला हसू फुटलं. "अगो बाय, आत बाईमाणूस न्हातंय! एवढीशी खोली, कोपऱ्यात मोरी. पुरुषानं दाराबाहेर उभं नाय ऱ्हायचं तर जायचं कुठं? आणि तुमच्याम्होरं ह्ये बोलायचं कसं?"

मग तिचं हसू थांबलं. "त्या दिवशी बी ह्ये असेच उभे होते. खाली गोळ्या चाललेल्या, गॅलरीतली माणसं पळाली. आत मी बाळंत होत होते. सुईण ओरडली, आडोशाला जा म्हणून. हलले नायत. गोळी तिथंच लागली, दारात."

सुमेधाला स्वतःचीच लाज वाटली. आत येऊन तिनं आधीची ओळ खोडली, 'कामावर घ्यावा' असं लिहून सही केली आणि तेच चित्र पुन्हा गुणाजीपुढे ठेवलं.

"गुणाजी, दार उघडल्यावर काय झालं, तेवढं सांगा."

तो चित्रावर वाकला. मग पहिल्यांदाच हसला.

"मुलगी झाली, बाई."