थर्माकोलचा म्हसोबा

कस्तुराबाईंचा सोमवार निर्जळी, मंगळवार अळणी आणि गुरुवार मौनाचा. शुक्रवार उजाडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे सगळ्या येडशीला ठाऊक. भाजीवालीसुद्धा गुरुवारी त्यांच्याशी भांडण काढत नसे. एकटीनं भांडण्यात काय मजा?

म्हणूनच शिवराजनं बोकड मारायला गुरुवार निवडला.

शिवराज बाईंचाच विद्यार्थी, आता पुण्यात राहून सिनेमे काढणारा. बाईंनी मास्तरकी करताना पोरांसाठी लिहिलेलं 'बोकड फौजदार' त्याला लहानपणी तोंडपाठ होतं. जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांना होतं. आता त्याचाच तो सिनेमा करत होता. गोष्ट म्हसोबाला सोडलेल्या एका बोकडाची. देवाचा म्हणून त्याला कुणी काठी लावायची नाही, आणि हे बोकडाला पक्कं कळलेलं. तो हव्या त्या घरात शिरतो, भाकरी पळवतो, सरपंचाचं धोतर चघळतो, देवळात पुजाऱ्याच्या जागी बसून रवंथ करतो. जत्रा आली की गावाला आठवतं, अरे, याला कापायचाय. पण दरवर्षी काहीतरी निघतं नि राहूनच जातं. शेवटी म्हसोबाच म्हणतो, "असू द्या, मला त्याची सवय झालीय."

"शेवट बदलावा लागंल, बाई," शिवराज बुधवारी म्हणाला होता. "बोकड मेला पाहिजे. त्याबिगर बाहेरच्या महोत्सवात कुणी इचारत न्हाय."

"का रे? तिकडं बोकडं मरत नाहीत?" बाईंनी हळूच विचारलं. त्या सगळंच हळूच विचारायच्या.

"तसं न्हाय. माणसाला घरी जाताना जड वाटलं पाहिजे."

"जड वाटायचं असेल तर मटण खाऊन जा म्हणावं. मी पोरांना सांगितलंय, तो जगतो. म्हणजे जगतो."

"बघू की, बाई," शिवराज म्हणाला. सिनेमावाल्यांच्या 'बघू'चा अर्थ बाईंना तोवर कळला होता.

तर गुरुवारी बाई माळावर, छत्रीखाली खुर्चीत, हातात जपमाळ. शिवराजनं मोठ्या आदरानं बसवलेल्या. समोर सिनेमाच्या लोकांनी उभा केलेला थर्माकोलचा म्हसोबा, शेंदूर फासलेला, डोळे वटारलेला. बोकड झेंडूची माळ घालून उभा, निम्मी माळ खाऊन झालेली. बाईंनी मान जोरजोरानं हलवली. ती बघायची नाही, असं शिवराजनं घरूनच ठरवून आणलं होतं.

भगताचं काम खऱ्या सिदूआबांना दिलं होतं. घराणं मेंढपाळाचं, जत्रेतला सुरा पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच हातात. शिवराज 'ॲक्शन' म्हणाला. सिदूआबा जागचे हलले नाहीत.

"पाणी कुठं हाय?"

"पाणी कशाला, आबा?"

"कौल लावाया. अंगावर पाणी वतायचं. बोकडानं अंग झाडलं, तर देवानं घेतला. न झाडता कापला, तर आपल्या मानंवर."

"आबा, सुरा रबराचा हाय."

"सुरा असंल रबराचा. देव?"

"देव तर थर्माकोलचा."

"आन् शेंदूर?"

"शेंदूर... दुकानातला."

"नारळ कुणी फोडला?"

नारळ शिवराजनंच फोडला होता. मुहूर्ताला, पाया पडून, सिनेमा चालू दे म्हणून.

"मग झाला की देव," सिदूआबा म्हणाले. "आता तुमी त्याला कशाचा बी म्हणा."

मागं उभे असलेले गावकरी म्हणजे सगळे आबांच्याच भावकीतले. त्यांनीही माना डोलावल्या. शिवराजनं पाणी मागवलं.

ऊन रणरणत होतं. पहिला तांब्या पडला तसं बोकडानं डोळे मिटले. दुसऱ्याला मान पुढं केली. दिवाळीच्या अभ्यंगाला पाटावर बसल्यासारखा तो निवांत उभा. बाई माळ ओढत होत्या. देवानं आपली सेवा घ्यावी म्हणून जन्मभर मागितलेलं. घेऊ नये म्हणून विनवायची ही पहिलीच वेळ. देवा, आज भूक नाही म्हण. वाटलं तर उपास धर. मी धरते, तुला काय होतंय?

तेवढ्यात कॅमेरावाल्यानं सरबताच्या गाड्यावरचं बर्फाचं पाणी आणलं.

ते पाठीवर पडलं आणि बोकड शिंगांपासून शेपटीपर्यंत झडझडून हलला. कॅमेरा भिजला, शिवराज भिजला, म्हसोबाच्या एका डोळ्याचा रंग गालावर आला.

"घेतला देवानं," सिदूआबा म्हणाले. भावकीनं चांगभलं केलं. रबराचा सुरा वर गेला.

"माशी होती."

सुरा वरच राहिला. आवाज इतका बारीक होता, की तो कुणाचा हे कळायलाच वेळ लागला. बाई उभ्या होत्या.

"बाई, आज तुमी बोललात?" सिदूआबांनी विचारलं.

"कानावर माशी बसली होती. तिच्यामुळं झाडलं. तो कौल नव्हे."

माळावर असा वारा होता, की माशी बसली असती तर एव्हाना ढोकीला पोचली असती. शिवाय सिदूआबा त्या कानाला खेटूनच उभे होते. त्यांनी कान पाहिला. बाईंकडं पाहिलं. मग सुरा खाली केला.

"पाऊसपाण्यात, दुखण्याखुपण्यात बाईंनी गुरुवार मोडला न्हाय," ते भावकीला म्हणाले. "आज मोडला म्हंजे माशी लई मोठी असणार."

सुरा शिवराजच्या हातात ठेवून ते लिंबाच्या सावलीला गेले. त्यांच्यामागं सगळं गाव.

"मीच मारतो," शिवराज म्हणाला. त्यानं सुरा उचललाही. समोर म्हसोबा, एक डोळा गालावर ओघळलेला, नेमका त्याच्याकडंच बघत होता. शिवराजचा हात काही पुढं सरकेना. तोवर बोकड सावकाश चालत गेला, देवाला पाठ टेकून खाली बसला आणि उरलेली माळ खाऊ लागला.

"काढ," शिवराज कॅमेरावाल्याला दमल्या आवाजात म्हणाला. "हेच काढ."

मग तो बाईंच्या खुर्चीशी येऊन उकिडवा बसला. "बाई, खरं सांगा. माशी व्हती का?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मोडलेलं व्रत त्यांनी उरलेल्या दिवसापुरतं सांधून घेतलं होतं. खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त म्हणून शुक्रवारही मौनातच काढायचं त्यांनी मनाशी ठरवलं. शेवटाबद्दल शिवराजला जे काही बोलायचं असेल, ते आता शनिवारी. आणि सिनेमाच्या गाड्या येडशीतून शुक्रवारीच हलणार होत्या.