प्रेदू दोन दिवस आधी निघाला

मी एक म्हातारी सायकल आहे. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात, मागच्या चाकात कोळ्याने संसार थाटलाय आणि घंटी केव्हाच मुकी झालीय. पण मित्रांनो, सार्दिनिया बेटाला मी तेहेतीस वेळा पुरता वळसा घातलाय. डोंगरावरून खाली समुद्राकडे, मग समुद्राच्या कडेकडेने, आणि दहाव्या दिवशी पुन्हा डोंगरावर. हे कोंबड्यांना सांगून काही उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म नुओरोच्या एका लोहाराच्या दुकानात झाला. त्याच आठवड्यात त्याने दोन सायकली केल्या, मी निळी आणि दुसरी लाल. दोघींच्या नळ्या एकाच लांब नळीतून कापलेल्या, म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणीच. दोन मेंढपाळ पोरांनी लोहाराला चीजचे गोल दिले आणि आम्हाला घेऊन गेली. मला नेलं प्रेदूने, लालीला गोनारियोने. दोघे एकाच गावचे. त्यांचे मेंढवाडेही एकमेकांना लागून होते. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याने खोडी काढलीच म्हणून समजा.

जुलै संपत आला की आमच्याकडे मेंढ्या आटतात. दूध नाही म्हटल्यावर चीज करायचं कामही नाही. मग कळप भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या हवाली करून हे दोघे आमच्यावर टांग टाकत. प्रेदूची बायको ग्रासिया दरवर्षी दारात उभी राहून म्हणे, "वर्षभर मेंढ्यांमागे फिरून पाय दुखत नाहीत वाटतं तुमचे." पण म्हणता म्हणता पिशवीत कागदासारख्या पातळ कडक भाकऱ्या, चीज आणि बाटलीभर वाइन भरूनही देई.

सिलाना खिंडीचा चढ म्हणजे आमच्या दोघींच्या साखळ्यांची परीक्षाच. तिथे गोनारियो नेहमी पुढे असायचा. मागे वळून ओरडायचा, "काय रे प्रेदू, सायकल चालवतोयस की तिला फिरायला आणलंयस?"

"तुझी पाठ बघत येतोय. तेवढीच बघण्यासारखी आहे तुझी."

वर पोचल्यावर दोघे एकच भाकरी मोडून खात. मग उतार लागायचा. लाली आणि मी शेजारीशेजारी सुटायचो, खाली निळा समुद्र, कानात नुसता वारा. मी आयुष्यात सुखी कधी होते असं कुणी विचारलंच, तर मी त्या उताराचं नाव सांगेन. अशी बारा वर्षं गेली.

तेराव्या वर्षी, निघायला तीन दिवस उरले असताना, गोनारियोच्या मेंढ्या चोरीला गेल्या. एका रात्रीत सगळा कळप हाकून नेला. सकाळी वाड्यात उरला तो फक्त कुत्रा, तोही बांधलेला.

आमच्या गावात अशा वेळी एक रीत आहे, तिला पारादूरा म्हणतात. ज्याचा कळप गेला तो वाड्यावाड्याला जाऊन उभा राहतो. तोंडाने काही मागायचं नसतं. प्रत्येक मेंढपाळ आपल्या हाताने एक कोवळी मेंढी त्याला देतो, आणि फिरून येईस्तोवर त्याचा कळप पुन्हा उभा राहतो. द्यायची ती चांगलीच द्यायची, लंगडी-म्हातारी नाही. आणि नाही म्हणायची तर सोयच नाही.

त्या वर्षी प्रेदूच्या कोवळ्या मेंढ्या फार देखण्या निघाल्या होत्या. तो संध्याकाळी कुंपणाला रेलून त्यांच्याकडे बघत राही. चोरीच्या दुसऱ्या दिवशी गावात बातमी आली, की गोनारियो उद्यापासून फिरायला निघणार आणि पहिला प्रेदूकडे येणार. ते ऐकून प्रेदू उठला. मग गोठ्यात येऊन त्याने माझ्या साखळीला तेल घातलं.

"आज? दोन दिवस बाकी आहेत ना रे?" ग्रासिया म्हणाली.

"गोनारियोला यंदा कुठे जमणार. मग थांबून काय करू?"

"तो येईल दाराशी. मी काय सांगू त्याला?"

"सांग, गेला म्हणून."

आणि आम्ही गेलो. मित्रांनो, मी सायकल. नेलं तिकडे जाणं एवढंच माझ्या हाती. पण त्या दिवशी माझं हँडल जड झालं होतं हे खरं. सिलाना खिंडीत प्रेदूने भाकरी मोडली, अर्धी खाल्ली आणि अर्धी हातात धरून बसून राहिला. उतारावर तो ब्रेक दाबतच उतरला. एका मेंढीसाठी, अहो, एका मेंढीसाठी हा माणूस दहा दिवस बेटाभोवती पळत होता. मला त्याची लाज वाटली, आणि दयाही आली.

परत आलो तेव्हा गोनारियो गावच्या पाणवठ्यावर होता. लोकांनी त्याचा कळप उभा करून दिला होता. त्याने प्रेदूला नखशिखांत बघितलं.

"समुद्र कसा होता?"

"होता तसाच."

"बरं," गोनारियो म्हणाला आणि कळशी उचलून निघून गेला.

त्यानंतर लाली कधी बाहेर निघाली नाही. पुढच्या वर्षी तिची चाकं काढून कुणाला तरी दिली असं कानावर आलं. प्रेदू मात्र दर जुलैला मला घेऊन निघायचाच. का, ते मला आजही नीटसं उमगलेलं नाही. अशी एकोणीस वर्षं आम्ही दोघंच फिरलो. दोन्ही वाड्यांच्या मधली भिंत कमरेएवढीच, पण तिच्यावरून शब्द म्हणून पलीकडे गेला नाही. समुद्राकाठच्या खानावळीत कुणी विचारलं, "एकटेच?" की प्रेदू म्हणायचा, "सोबती मागून येतोय." मला त्या वाक्याचा फार त्रास व्हायचा.

मग ते वणव्याचं वर्ष आलं. प्रेदू चोपन्न वर्षांचा होता. ऑगस्टमध्ये समुद्रापलीकडच्या वाळवंटाकडून तापलेला वारा सुटला आणि दुपारभरात डोंगराची एक बाजू खाक झाली. मधल्या भिंतीशी वारा फिरला, म्हणून गोनारियोच्या बाजूला आग पोचलीच नाही. प्रेदूचा वाडा जळला आणि आतल्या मेंढ्याही. मी घराशी होते म्हणून वाचले.

तीन दिवस प्रेदू जळक्या वाड्याशी बसून होता. चौथ्या दिवशी ग्रासियाने त्याची टोपी झटकून त्याच्या हातात दिली. "ऊठ. लोक वाट बघताहेत. तू गेलाच नाहीस तर त्यांना वाटेल आपल्याला त्यांच्या मेंढ्या नकोत. आधी गोनारियोकडे जा. शेजारचं कुंपण टाळून पुढे गेलास, तर पुढचा कुणी विचारेल, त्याने काय दिलं म्हणून."

प्रेदूने टोपी घातली. मला बाहेर काढलं. आणि गोनारियोच्या वळणावर पोचल्यावर त्याने हँडल समुद्राच्या दिशेला वळवलं.

ती माझी शेवटची फेरी. साखळी कोरडी, टायर झिजलेले, आणि वर बसलेला माणूस धुराच्या वासाचा. चढावर तो उतरून मला ढकलत नेई. पाचव्या दिवशी बोझा नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला पंक्चर झालं, तेव्हा एका अनोळखी मेंढपाळाने पाणी आणून दिलं. त्याने प्रेदूच्या कोटाचा वास घेतला, करपलेल्या भुवया बघितल्या.

"डोंगरातले का? वणवा लागला म्हणे तिकडे."

"लागला."

"कुणाच्या गेल्या?"

प्रेदू ट्यूब घासत राहिला. "माझ्या नाही," म्हणाला.

त्या भल्या माणसाला काय कळायचं ते कळलं. न बोलता तो आपल्या वाड्यात शिरला आणि कोवळ्या मेंढ्यांमध्ये हात घालून निवडू लागला. प्रेदूने ते बघितलं मात्र, अर्धवट हवा भरलेल्या चाकावर मला पळवत नेलं. पुढच्या वळणावर थांबला, माझ्या सीटवर डोकं टेकवलं आणि रडला. "त्याच्याकडून घेऊ कशी? आधी गोनारियोसमोर उभं राहायला हवं, आणि तेच होत नाही माझ्याच्याने," असं मला म्हणाला. ऐकायला दुसरं होतं कोण.

दहाव्या दिवशी दुपारी आम्ही डोंगर चढून आलो. त्याच वळणावर प्रेदू उतरला. मला वाटलं, घराकडे जाईल. पण त्याने मला हाताने धरून गोनारियोच्या कुंपणाशी नेलं, टेकवून ठेवलं आणि टोपी काढली.

गोनारियो चीज गाळायची जाळी घासत होता. त्याने मान वर केली. "दहा दिवस लावलेस. तू येशील म्हणून वणव्याच्या चौथ्या दिवसापासून मी घर सोडलेलं नाही."

"मी मागायला आलो नाही," प्रेदू म्हणाला. "सांगायला आलोय. तुझ्या मेंढ्या गेल्या तेव्हा मी दोन दिवस आधी निघालो. ठरवून. एक मेंढी द्यावी लागू नये म्हणून."

"माहीत आहे मला. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस कधी?"

गोनारियोने जाळी खाली ठेवली. "तुला अजूनही निम्मंच माहीत आहे. मी तुझ्याकडे मेंढी मागायला आलोच नव्हतो, गाढवा. रीतीत नाही, पण या फेरीला एक सोबती लागतो. लोकांच्या दारात मान खाली घालून एकटं उभं राहवत नाही. मी तुला बोलवायला आलो होतो. तू नव्हतास, म्हणून दुसऱ्या कुणाला घेतलं नाही. सगळे वाडे एकटा फिरलो."

प्रेदू टोपी हातातल्या हातात फिरवत उभा होता. गोनारियो आत गेला, आणि आला तो एका देखण्या कोवळ्या मेंढीला कानाशी धरून. ती त्याने प्रेदूच्या हातात दिली. मग दारामागची काठी घेतली, आपली टोपी घातली आणि कुंपणाचं फाटक ओढून घेतलं.

"कुठे निघालास?" प्रेदूने विचारलं.

"तुझ्याबरोबर. एकट्याने फिरणं काय असतं ते मी बघितलंय. चल, दिवस मावळायच्या आत तीन वाडे तरी होतील."

दोघे पायवाटेने निघाले, मधे ती मेंढी. थोडं पुढे गेल्यावर गोनारियो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही, पण प्रेदूने त्याला कोपराने ढोसलं. माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. मी त्या कुंपणाशी आठवडाभर उभी होते. त्यानंतर प्रेदू पुन्हा कधी माझ्यावर बसला नाही. त्याला पळायचं नव्हतं, आणि गोनारियोच्या गुडघ्यांना आता चढ सोसत नव्हते. मला एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू. लालीची आठवण तर रोज येते. तरी त्या दोघांना पाठमोरं जाताना बघितलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या सायकलींना तेल घाला, पावसात ठेवू नका, एवढं तर कुठलीही सायकल सांगेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. कुणी तुमच्याकडे यायला निघालाय असं कानावर आलं, तर त्या दिवशी आम्हाला बाहेर काढू नका. घरीच थांबा. तो काय मागणार आहे, ते तो दारात आल्याशिवाय कळत नाही.