तीन सेकंदांचं अंतर

घाबरू नका, आत्ता काही हललेलं नाही. बोलतोय तो मीच, शाळेच्या तळघरातला जुना भूकंपमापक.

माझा सगळा धंदा आळसावर चालतो. माझ्या पोटात शिशाचा एक जड गोळा टांगलेला आहे. जमीन हलली की टेबल, दारं, माणसं सगळी हलतात, हा गोळा मात्र जागचा हलत नाही. त्याला जोडलेली लेखणी समोर फिरणाऱ्या कागदावर रेघ काढते. जग शांत असेल तर सरळ रेघ, नसेल तर वेडीवाकडी. स्वतः न हलता दुसऱ्याचं हलणं टिपायचं, एवढंच माझं काम.

माझी देखभाल मामांकडे होती. मामा म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. मला सेकंदा-सेकंदाचा हिशोब लागतो, म्हणून शाळेने हे काम त्यांना दिलं. रोज सकाळी ते तळघरात उतरायचे, नवा कागद गुंडाळायचे, शाई भरायचे, आणि कालच्या कागदावर जिथे रेघ थरथरली असेल तिथे कानामागची पेन्सिल काढून कारण लिहायचे. ‘ट्रक.’ ‘शाळा सुटली.’ ‘बाईंनी कपाट सरकवलं.’ आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘खाण.’

टेकडीपलीकडे दगडाची खाण होती. तिथे सुरुंग उडाला की माझी लेखणी नाचायची. त्यामुळे दुसरं कारण सापडलं नाही की मामा डोळे झाकून लिहायचे, खाण. अकरा वर्षं हेच चाललं. मला वाचा असती तर ओरडलो असतो. पण मला लेखणी आहे, वाचा नाही, आणि लेखणीचं म्हणणं कुणाला तरी वाचावं लागतं.

ते वाचलं मामांच्या भाचीने. ती भूगोल शिकवायला शाळेत नुकतीच आली होती. मुलांना दाखवण्यासाठी तिने जुन्या गुंडाळ्या काढल्या आणि एका कागदापाशी थांबली.

“मामा, या आठवड्यात खाण बंद होती ना? मजुरांचा संप होता.”

“असेल एखादा सुरुंग चुकून उडालेला.”

“चुकून? संपावर बसल्या बसल्या?”

“तू आल्या आल्या मला शिकवू नकोस. हे यंत्र तू शाळेत जात नव्हतीस तेव्हापासून माझ्या हातात आहे.”

“म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी, मी शाळेत जायला लागले म्हणायची. बरं, तुझं भिंग दे.”

मामा घड्याळ उघडताना डोळ्याला लावतात ते भिंग तिने कागदावर धरलं. “हे बघ. आधी बारीक थरथर, मग मोठी. मधे तीन मिलिमीटर. तुझा कागद सेकंदाला किती सरकतो?”

“एक मिलिमीटर,” मामा म्हणाले, आणि भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं.

इथे मला थोडं बोलू द्या, हा माझा विषय आहे. भूकंपाच्या लाटा दोन जातींच्या. एक चपळ, ती आधी येऊन कडी वाजवते. दुसरी दमदार, ती मागून येऊन दार हलवते. भूकंप जितका लांब, तितकं दोघींमधलं अंतर जास्त. तीन सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण पंचवीस किलोमीटर. आणि खाण तर टेकडी ओलांडली की होती.

पंचवीस किलोमीटरवर जमिनीत एक जुनी भेग आहे. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे प्रचंड तुकडे आहेत आणि ते नखं वाढावीत तितक्या हळू सरकतात. ते एकमेकांना रेटतात तो ताण दूरवरच्या अशा भेगांपर्यंतही पोचतो. जुना ड्रॉवर अडकतो, आपण ओढत राहतो, तो हलत नाही, आणि मग एकदम निसटून सगळं सामान पायावर येतं, तसंच तिथे होतं. धरणी कोपत नाही हो. ती अडकते आणि सुटते. कधी सुटेल ते मलाही सांगता येत नाही. भविष्य सांगणारे माझ्या जातीचे नव्हेत. पण भेग जिवंत आहे एवढं मी अकरा वर्षं लिहीत होतो.

मामांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. भिंग लावून ते एकेक गुंडाळी तपासत बसले. जे सेकंद त्यांनी साऱ्या गावाच्या मनगटावर दुरुस्त केले, तेच इथे मोजायचे राहिले होते.

खरं दुखणं वेगळंच होतं. चार वर्षांपूर्वी सभागृह मोठं करायला तळमजल्यावरच्या मधल्या भिंती पाडल्या, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं होतं, इथे जमीन हलते का? आणि मामांनी चिठ्ठी दिली होती: धक्के फक्त खाणीचे. त्या सभागृहावर आता दोन वर्ग भरत होते.

“मामा, तुमच्याच चिठ्ठीवर भिंती पाडल्या,” दोघांनी ते कागद समोर ठेवल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. “आता खांब घालायचे म्हणजे सहा महिने सभागृह बंद. समितीला काय सांगू?”

भाची काही बोलणार होती. मामांनी तिला हाताने थांबवलं.

“सांगा, घड्याळवाला चुकला. हवं तर नवी चिठ्ठी देतो. जुनीपेक्षा मोठ्या अक्षरात.”

त्यांनी ती तळघरात माझ्याच टेबलावर लिहिली. अक्षरं इतकी दाबून काढली की माझीही रेघ थोडी वाकडी आली.

मग सभागृहात खांब उभे राहिले, खांबांमध्ये पोलादाचे तिरके आधार आले. वरची पुस्तकांची कपाटं स्क्रूने भिंतीला आवळली. दर सोमवारी मुलं बाकाखाली शिरून पाय धरून बसायचा सराव करू लागली. ती खिदळायची. भाची म्हणायची, हसा, पण बाकाखाली हसा.

पुढच्याच वर्षी, सकाळच्या दुसऱ्या तासाला, चपळ लाटेने कडी वाजवली. वर मुलांना बारीक हादरा जाणवला. एक, दोन, तीन. तेवढ्यात सगळी बाकाखाली होती. मग दमदार लाट आली. माझी लेखणी कागदाबाहेर गेली, तिचा दांडा वाकला, शाई भिंतीवर उडाली. वर पलिस्तर कोसळल्याचा आवाज आला. खिडकीपाशी अंगठा जाईल एवढी भेग पडली. पण खांब उभे राहिले, कपाटं जागची हलली नाहीत, आणि धक्का थांबल्यावर जिन्यावरून रांगेने उतरणारी पावलं मी ऐकली. तेवढं सुंदर कंपन मी जन्मात टिपलं नव्हतं, आणि नेमकी तेव्हा लेखणी वाकलेली.

आता माझ्या जागी काड्यापेटीएवढा एक डबा बसवला आहे. तो तारेवरून थेट खबर देतो. मी सभागृहात काचेच्या पेटीत असतो, वाकड्या दांड्यासकट. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे मागणं एकच: आज घरी गेलात की उंच कपाट भिंतीला आवळा, आणि भिंत पाडण्याआधी जमिनीला विचारा. ती लिहीत असते, वाचणारा हवा.

माझ्याशेजारी त्या दिवसाचा कागद लावला आहे. मामा काच पुसायला येतात तेव्हा मुलं हमखास विचारतात. परवा एका मुलीने पेन्सिलीतलं अक्षर मोठ्याने वाचलं: “‘भूकंप. खाण नव्हे. मुलं सगळी मैदानात.’ मामा, ‘खाण नव्हे’ कशाला लिहिलंत?”

“आधी तसं लिहायची सवय होती म्हणून,” मामा म्हणाले, आणि काच पुसत राहिले.