काकूंचं माप

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शुभदाबाईंनी दाराबाहेरची दुधाची पिशवी आत घेतली, दूध मंद आचेवर ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन दोरीला टांगलेल्या लाकडी माशांपैकी एकाला हलकेच बोट लावलं. गळाला बांधायचे हे खोटे मासे त्यांचे यजमान काशीनाथराव निवृत्त झाल्यापासून सागवानाच्या तुकड्यांतून कोरत. रंगावर एपॉक्सीचा काचेसारखा थर द्यायचं काम बाईंचं. गुरुवारी दिलेला थर अजून चिकट होता. बोटाचा ठसा माशाच्या पोटावर उमटला.

हा थर त्यांच्या हातचा नव्हता. गुरुवारी त्या दहिसरला बहिणीकडे गेल्या होत्या. एपॉक्सीचं घट्ट रेझिन पातळ करायला त्या बाटली कोमट पाण्यात उभी करत, मग रेझिन आणि ते वाळवणारा हार्डनर काट्यावर तोलून घेत. फारच गरज पडली तर स्पिरिटचे मोजके थेंब. काशीनाथरावांनी तेवढी कटकट न करता पॉलिशवाल्याकडचा थिनर अंदाजानेच ओतला होता, म्हणून थर वाळत नव्हता. हात कुणाचाही चुकतो, म्हणून बाई तीन दिवस काही बोलल्या नव्हत्या.

साडेसहाला रोशनचा फोन आला. गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींचा गट त्यानेच जमवलेला. आज नऊ वाजता घोडबंदरच्या खाडीकाठी काशीनाथराव त्यांना थर देऊन दाखवणार होते. फोन स्पीकरवर होता. चहा गाळताना बाईंनी काशीनाथरावांना म्हणताना ऐकलं, "अरे, या वेळचे चिकट राहिलेत. काकूंनी माप चुकवलं. वय झालं आता, काय करणार." पलीकडे रोशन हसला.

एकतीस वर्षं शुभदाबाईंनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांसाठी द्रावणं तयार केली होती. माप चुकलं म्हणून एकही बाटली परत आली नव्हती.

"अहो, थिनर कोणी ओतला?"

"अगं, बोलायची एक पद्धत असते. त्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो. आत्ता फोन करून खरं सांगा."

"काहीतरीच. सगळ्यांत हसं होईल माझं. आणि तू कुठे तिथे येणार आहेस?" टॉवेल खांद्यावर टाकून ते आंघोळीला गेले.

यांचं हसं होऊ नये म्हणून माझं झालेलं चालतं! बाईंची कानशिलं तापली. चहा तसाच ठेवून त्यांनी साडी बदलली, काटा, बाटल्या आणि गरम पाण्याचा थर्मास पिशवीत भरला. मी घोडबंदरला जाते, असं त्यांनी बाथरूमच्या दाराशी सांगितलं. नळाच्या आवाजात ते आत पोचलं की नाही, हे पाहायला थांबल्या नाहीत. खाली उतरून बस पकडली.

काशीनाथराव रिक्षाने पोचले, तेव्हा थिनर कोणी ओतला हे बाईंनी सांगून टाकलेलं होतं. मुलांना प्रयोग समजावताना काढायच्या तशाच आवाजात. कुणी हसत नव्हतं. रोशनने काकांसाठी खुर्ची पुढे केली, पण ते मागेच उभे राहिले. बाईंनी मान वर केली नाही. हार्डनर तोलला आणि काट्यावरचा आकडा सगळ्यांना वाचून दाखवला.