गेंदीला मारलेली हाक

हंबीरराव इंगवल्यांनी फौजेत मेजरकी केली आणि पेन्शनीत आल्यावर लेखणी धरली. पहिलीच कादंबरी, तीही ऐतिहासिक, पण गाजली म्हणजे काय गाजली! कोल्हापुरात तालमीतले पैलवानसुद्धा ती वाचायला लागले. स्वारी खुशीत होती.

आणि एके सकाळी कोडोलीची तानाबाई दारात उभी! मेजरांच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला. पासष्टच्या लढाईत त्यांच्या हाताखालचा जवान आकाराम बेपत्ता झाला होता, त्याची ही आई.

"सायेब, तुमचं पुस्तक आमच्या देवळात रोज वाचत्यात," ती उंबऱ्यातच टेकली. "काल त्यो दरवाजा आला बगा."

शत्रू अंगावर आला म्हणून किल्लेदार गडाचा दरवाजा लावून घेतो आणि त्याचाच एक जखमी मावळा बाहेर राहतो, तो प्रसंग. वाचणारे तिथं हमखास रडायचे.

"त्यो मावळा मरताना म्हशीला हाक मारतोय, 'गेंदेऽ, घरला चल गंऽ!' सायेब, गेंदी आमची म्हस. अशी हाक माजा आकारामच मारायचा."

मेजरांना काय दुर्बुद्धी सुचली! माणसाचं नाव बदललं, काळ तीनशे वर्षं मागं नेला आणि म्हशीचं नाव तेवढं तसंच ठेवलं. आकाराम पलीकडं जखमी पडलाय हे ठाऊक असून कालव्यावरचा पूल उडवायचा हुकूम त्यांनीच दिला होता. तो कसा मेला हे कुणी विचारू नये म्हणून 'बेपत्ता' कळवलं, तेही त्यांनीच.

आता ही शिव्याशाप देणार, आणि द्यावेतच, असं त्यांना वाटलं. पण तानाबाई हसत होती हो! डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"म्हंजे माजा ल्योक पळाला न्हाय! इतकी वर्सं गाव म्हनतंय, तानीचा आक्या लढाई सोडून पळाला. देवळात येऊन एकदा सांगा की सायेब, ह्यो मावळा म्हंजे आमचा आकाराम."

सांगायचं तर सगळंच सांगायला लागणार होतं. मेजरांनी हातातला कप खाली ठेवला.

"येतो," ते म्हणाले.

तानाबाई पदर सावरत उठली आणि पुन्हा थांबली. "आन् त्यो किल्लेदार जित्ता हाय का ओ? त्येला एकच इचारायचं हाय. माज्या लेकाची हाक त्येला ऐकू येत हुती का?"

"येत होती, तानाबाई," मेजर म्हणाले. "पहाटेपर्यंत येत होती."