एकशे चारवर अडकलेली नाडी

अग्निशमन केंद्राच्या ड्रायव्हरला साहेबांनी बजावलं होतं, तीन महिन्यांत आठ किलो उतरव, नाहीतर बंबाचं चाक विसर. बावीस वर्षं ते चाक त्याचं होतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि नकोही होतं.

रोज सकाळी तो आवारात पंचवीस फेऱ्या धावायचा. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, तेही साहेबांनीच बांधलेलं. तोंडाला फेस यायचा, पण आकडा एकशे चारच्या पुढे हलत नसे. इतरांचा एकशे साठ. साहेब सगळ्यांदेखत आकडा वाचून म्हणायचे, "जावईबापू फिरायला आलेत." सगळे फिदीफिदी हसायचे. ज्या दोघांना त्याने धुरातून ओढून काढलं होतं, तेही. माणसं इतकी हलकट असतात.

दोन महिन्यांत उतरलं जेमतेम दीड किलो.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. नाडीचा आकडा ऐकताच तिच्या ध्यानात आलं. "अहो, ही रक्तदाबाच्या गोळीची करणी. धावताना अॅड्रेनलिन चरबीला सांगतं, सुटी हो, जळायला चल. तुमची बीटा-ब्लॉकर तो निरोपच पोचू देत नाही. नाडीही तिनेच दाबून धरलीय. दुसरी संप्रेरकं थोडीफार चरबी सोडवतात, पण त्यांच्यावर किती भिस्त ठेवणार? साहेबांना सांगून टाका."

"सांगितलं की आजारी ठरलो. आजाऱ्याला बंबावर बसू देत नाहीत. डॉक्टरांनी गप्प राहायचा शब्द दिलाय, तू पण गप्प राहा."

त्याने आणखी दहा फेऱ्या वाढवल्या. गुडघे सुजले. रात्रीची भाकरी सोडली, तरी शेवटच्या दिवशी काट्याने ठरल्यापेक्षा सहा किलो जास्तच दाखवले.

साहेबांनी त्याला खोलीत घेऊन दार लावलं. आता लपवून काय उपयोग? त्याने गोळीचं, नाडीचं, चरबीचं सगळं ओकून टाकलं. निदान कामचुकार तरी म्हणणार नाहीत, एवढीच आशा.

साहेबांनी शांतपणे खणातून त्याच डॉक्टरांची चिठ्ठी काढली, गोळीच्या नावासकट. तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आजारी म्हणून उतरवलं असतं, तर नियमाने तुला इथेच दुसरं काम द्यावं लागलं असतं. कामचुकाराला द्यावं लागत नाही."

त्यांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि हात पुढे केला. "बंबाची किल्ली."

त्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाला, "हो, साहेब."