सूर्य मागे पडतो

माझे सासरे घड्याळजी. दुकान त्यांनी वर्षापूर्वी बंद केलं. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "गिऱ्हाईक राहिलं नाही." गिऱ्हाईक होतं, हात थरथरायला लागले होते. चिमट्यातून स्क्रू निसटायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची कोणाची छाती नव्हती. वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हा माणूस असाच संपणार, असा मी धसका घेतला होता.

मग एके दिवशी फरशीचा तुकडा घेऊन गच्चीवर गेले. सूर्यघड्याळ करायचं म्हणाले. मी मनात म्हटलं, सुटलो!

त्यांनी पत्र्याचा त्रिकोण फरशीवर उभा केला, दक्षिणोत्तर नीट लावला आणि सकाळच्या सहापासून संध्याकाळच्या सहापर्यंत पेन्सिलीने बारा सारखे भाग पाडले. बाराला सावली बरोबर रेघेवर आली. मामंजी चक्क हसले. दोन वाजले तेव्हा मात्र ती जेमतेम एकच्या रेघेला टेकली होती.

"सूर्य मागे पडतोय," ते म्हणाले.

"मग काय, त्यालाही उघडून तेलपाणी करणार?" शेजारी उभी राहून मी म्हटलं.

ते भडकले. "चाळीस वर्षं तबकड्या पाहिल्यात मी. तास सारखेच असतात."

"तास असतील. सावली कशाला सारखी चालेल?" मी शिवणकाम करते, त्यामुळे गप्प बसवेना. "ब्लाउजच्या बाहीचा मुंढा मी पट्टीने सारखा कापला तर बाईला हात तरी वर करता येईल का? माप अंगावरून घ्यायचं, मामंजी. तासातासाला सावली पडेल तिथे रेघ मारा."

त्यांनी तोंड फिरवलं. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. आता हे खाली जाणार आणि पुन्हा भिंत धरणार.

पण त्यांनी रेघा पुसल्या. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिले. तीनला पेन्सिल घेऊन वाकले. टोक फरशीवर टकटक वाजलं, रेघ नागमोडी आली. पुसली. पुन्हा मारली, तशीच आली. मी पाण्याच्या टाकीकडे बघत उभी राहिले.

"सावली सरकतेय," शेवटी मी हळूच म्हटलं.

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तू ओढ, सूनबाई. माझा हात चालत नाही आता."

हाताबद्दल वर्षात पहिल्यांदाच बोलले. माझे डोळे भरून आले, तरी सावलीच्या कडेने रेघ सरळ ओढली.

त्यांनी वाकून ती तपासली. "चारला हाक मारीन," म्हणाले. "तोवर पेन्सिलीला टोक करून ठेव."